सात नंबरची पूजा

ठाण्याला आता लोक तलावांचं शहर म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या वेळी ते कंपन्यांचं गाव होतं आणि तळी पाळी सुटल्यावर काठावर बसून शेंगदाणे खायला होती. माणसाची ओळख आडनावावरून होत नसे. हा औषधवाला, तो लोकरीच्या गिरणीतला, तो रंगवाला. मी पंपवाला. वागळे इस्टेटीत आमची पंप बनवणारी कंपनी होती. पाटीवरचं तिचं लांबलचक इंग्रजी नाव पगाराच्या पाकिटाखेरीज कुठेच वापरात नव्हतं. मुलगी बघायला येणारे पत्रिकेच्या आधी कंपनी विचारत. न्हावी, शिंपी, वाणी सगळ्यांना तिन्ही पाळ्या पाठ होत्या. विजेच्या वाटणीपायी इस्टेटीला सुट्टी शुक्रवारी असायची, म्हणून निम्म्या गावाचा रविवार शुक्रवारी येई. मटणाच्या दुकानापुढे रांग शुक्रवारी, लग्नाची बोलणी शुक्रवारी. मुंबईचे पाहुणे मात्र रविवारी यायचे आणि आम्हाला कामावर पाठवून आमच्याच घरात पाय पसरून बसायचे.

हे सगळं फार चांगलं होतं असं मी म्हणत नाही. धूर होता, नाल्याला वास होता, आणि बोटं गेलेली माणसं गल्लीत दोन-चार तरी असायचीच. पण माणसाला आपण कोण हे सकाळी उठल्या उठल्या ठाऊक असायचं. ते मला नंतर कुठे सापडलं नाही.

मी टर्नर. म्हणजे लेथ मशीनवर लोखंड फिरवून त्याला मापात आणणारा. माझं मशीन पाच नंबरचं, इंग्रजांच्या वेळचं, कुरकुरं. मधली वाट सोडून सात नंबर, आणि त्यावर दगडू. तो साताऱ्याकडचा, मी राजापूरकडचा. दोघं एकाच दिवशी कामाला लागलो, सत्तर साली. सात नंबर बाहत्तरला नवंकोरं आलं. त्याची लाकडी पेटी दगडूने स्वतः फोडली, पाणसळ लावून ते स्वतः जमिनीला बसवलं, चार बोल्ट स्वतः आवळले. त्यानंतर त्या मशीनला दुसऱ्याने हात लावलेला त्याला खपायचा नाही. रजेवर जाताना तो हँडल काढून कपाटात ठेवायचा. फोरमन शिव्या घालायचा आणि पुढच्या रजेला हा पुन्हा तेच करायचा.

आमच्या कंपनीत खंडेनवमी मोठी असे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत रॉकेलने मशीन धुवायचं, पुसायचं, तेल द्यायचं, आणि तीन वाजता फाटक बायकामुलांना उघडं. वर्षभर नवऱ्याच्या कपड्यांच्या तेलकट वासाला नाकं मुरडणाऱ्या बायका त्या दिवशी जरीची लुगडी नेसून मशीनला हळदकुंकू लावत, झेंडूचा हार घालत. मग आमची एक रीत होती. ती कुठल्या पोथीत नाही, कोणी सुरू केली ते मला माहीत नाही. ज्याने त्याने आपल्या मशीनचं थोडं तेल बोटावर घ्यायचं, त्यात कुंकू कालवायचं आणि घरच्या सगळ्यांच्या कपाळाला लावायचं. ते कुंकू दोन दिवस निघत नसे. दसऱ्याला बाजारात कपाळ बघून कळायचं, हे पंपवाल्याचं घर.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर कंपनीने टाळेबंदी केली. कारणं दोन्हीकडून पुष्कळ सांगितली गेली, त्यात मी पडत नाही. आम्ही फाटकासमोर मंडप घातला आणि पाळ्या लावून बसलो. काम नव्हतं तरी पाळ्या सुटल्या नाहीत. सकाळची पाळी सातला यायची, तिला उशीर झाला की दुपारी सुटणारे चिडायचे. आमचं म्हणणं एवढंच होतं की आत एक्केचाळीस मशीनं आहेत, ती या फाटकातून बाहेर जाऊ द्यायची नाहीत. मशीन आहे तोवर कंपनी आहे. आज ना उद्या कुलूप निघेल.

असे अकरा महिने गेले आणि खंडेनवमी आली. युनियनचे सेक्रेटरी होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी मॅनेजरला निरोप पाठवला की भांडण आमचं तुमचं आहे, मशीनांचं नाही, त्यांची पूजा चुकवू नका. आम्हाला वाटलं नकार येईल. आदल्या संध्याकाळी होकार आला. एकच माणूस, एकच तास.

कोणाला पाठवायचं यावर फार चर्चा झाली नाही. भाऊ म्हणाले, सहदेवला पाठवा, तो माझ्या तोंडावरसुद्धा खरं बोलतो. हे कौतुक होतं की टोमणा हे मला कळलं नाही, पण मी फुशारलो हे खरं आहे.

खंडेनवमीच्या सकाळी मंडपात हारांचा ढीग लागला. प्रत्येक घराने आपला हार आणला होता, त्याला दोऱ्याने मशीनच्या नंबराची चिठ्ठी. बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. वर्षभरात कोणी नवं नेसलं नव्हतं, तरी त्या दिवशी सगळ्यांनी ठेवणीतलं काढलं होतं. दगडूने आपला हार माझ्या हातात दिला आणि मला बाजूला घेतलं.

त्याला डोंबिवलीला नोकरी आली होती. तिथल्या एमआयडीसीत सखाराम म्हणून त्याच्या गावचा फोरमन होता, त्याने चिठ्ठी पाठवली होती की चांगला टर्नर हवाय, दसरा झाला की चौथ्या दिवशी हजर हो. हे मला आधीच ठाऊक होतं. तिकडे जायचं तर इकडे राजीनामा लिहून द्यायचा, सोळा वर्षांवर पाणी सोडायचं.

"माझं मशीन जागेवर आहे का, एवढं डोळ्यांनी बघून ये," तो म्हणाला. "असलं तर मी थांबतो. नसलं तर जातो. बाकी कुणाचं काय म्हणणं आहे ते मला नको, तू सांगशील ते."

मी बघून येतो म्हणालो.

फाटकाची दिंडी उघडली, मी हारांची पाटी डोक्यावर घेऊन आत गेलो. मॅनेजर पायरीवर उभे होते. वाईट माणूस नव्हता तो. मला बघून त्यांनी मान खाली घातली आणि शेडची किल्ली दिली. बरोबर आले नाहीत.

शेडमध्ये काही नव्हतं.

आधी मला वाटलं उन्हातून आल्याने दिसत नाहीये. मग दिसायला लागलं. जमिनीवर मशीनांच्या आकाराचे चौकोन होते, आजूबाजूच्या लादीपेक्षा स्वच्छ. चौकोनांच्या कोपऱ्यांतून बोल्ट वर आलेले, विजेच्या तारांच्या टोकांना काळी पट्टी गुंडाळलेली. मागची भिंत शेजारच्या बंद प्लॉटला लागून होती. तिच्यात मधोमध दोन ट्रक जातील एवढं नव्या विटांचं बांधकाम दिसत होतं, वर प्लास्टरही नव्हतं. आम्ही अकरा महिने पुढच्या फाटकाशी पाळ्या लावून जागलो आणि मशीनं मागून गेली. एक्केचाळीसांतली चार उरली होती, कोणी भंगारातही घेतली नसती अशी. त्यात माझं पाच नंबर होतं.

मी बाकीच्या तिघांना हार घातले, मग त्याला घातला. हात आपोआप चालला. त्याचं तेल बोटावर घेतलं, कुंकू कालवलं, आणि मग मी खालीच बसलो. रडायला आलं नाही, राग आला. मॅनेजरचा नाही, मालकाचाही नाही. पाच नंबरचा राग आला. सगळ्यांची जाऊन माझंच कसं उरलं, म्हणून.

किती वेळ गेला सांगता येत नाही. सदतीस हार उरले होते. ते परत बाहेर नेणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी एकेक चिठ्ठी वाचून एकेका चौकोनाशी गेलो आणि हार बोल्टांना घातले. सात नंबरचे चार बोल्ट दगडूने आवळलेले, त्यांचे आटे अजून चकचकीत होते. तिथे लादीवर तेलाचा जुना डाग होता. त्यावर मी बोट घासलं. थोडा काळपटपणा आला, तो मी कुंकवात मिसळला. तसंच सगळ्यांचं केलं.

बाहेर येताना मॅनेजर अजून पायरीवर होते. त्यांनी मला गप्प राहा असं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "सहदेव, तुम्हाला काय सांगायचं ते सांगा. मी आता कशालाच अडवणार नाही." हे मी मुद्दाम लिहितोय. पुढे जे झालं ते मला कोणी करायला लावलं नाही.

दिंडीतून बाहेर आलो तेव्हा शंभरावर माणसं उठून उभी राहिली. भाऊंनी विचारलं, झाली का पूजा? मी झाली म्हणालो. ते खोटं नव्हतं. बायका पुढे आल्या, मी कुंकवाचं ताट धरलं, त्यांनी आपापल्या मुलांच्या कपाळाला ओढलं. दगडूची बायको भागीरथी शेवटी आली. तिने आधी माझ्या कपाळाला लावलं, म्हणाली, भावोजी, सगळ्यांची पूजा केलीत, तुमचंच कपाळ मोकळं. तिच्या मागे दगडू होता.

"सात नंबर?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "धूळ बसलीय फक्त."

ती धूळ मी पदरची घातली. नुसतं 'आहे' म्हणून भागलं असतं. पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस बोलला की असा जास्तीचं बोलतो. दगडू हसला. वर्षभरात मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

का बोललो? याचा मी खूप विचार केला आहे. मला सणाचा दिवस नासवायचा नव्हता. त्या बायका ठेवणीतलं नेसून उभ्या होत्या आणि त्यांच्या कपाळाला मीच दिलेलं कुंकू होतं. मी ठरवलं की आज राहू दे, उद्या दसरा होऊ दे, उद्या संध्याकाळी दगडूच्या खोलीवर जाऊन त्याला एकट्याला सांगेन. चौथ्या दिवसाला अवकाश होता. त्याचं नुकसान होणार नव्हतं. हा हिशेब मी मनात पक्का केला आणि त्या रात्री झोपलोसुद्धा.

दसऱ्याला मी निघायच्या आधी दगडूच माझ्याकडे आला. आम्ही तेव्हा खोपटला चाळीत राहायचो. त्याने आपट्याची पानं दिली, माझ्या पाया पडू लागला, तो माझ्याहून सहा महिन्यांनी लहान होता म्हणून. मग खाटेवर बसून म्हणाला की सखारामला निरोप धाडला, मी येत नाही. पण टर्नर मीच देतो म्हणून सांगितलंय. तू जा.

मला आधी कळेचना. तो समजावत राहिला. माझ्या सरोजचं लग्न ठरत आलं होतं, कल्याणची माणसं होती, मुलीच्या बापाला नोकरी नाही म्हणून तारीख पुढे ढकलत होती. त्यांना एकदा कंपनीचं नाव सांगता आलं की काम होईल, असं दगडूचं म्हणणं.

"आणि तुझं पाच नंबर किती दिवस राहणार रे?" तो म्हणाला. "कुलूप निघालं तरी पहिलं तेच मोडीत काढतील. माझं नवं आहे, त्याला मरण नाही. मला थांबता येतं, तुला येत नाही."

शब्द माझ्या तोंडात होते. देवाशपथ होते. तेवढ्यात सरोजची आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिने दारामागून ऐकलं होतं. ती तांब्या खाली ठेवून दगडूसमोर वाकली आणि डोळ्यांना पदर लावून तशीच बसून राहिली. दगडू ओशाळला, उठला, जाताना मला म्हणाला, उशीर करू नकोस, सखाराम वेळेचा पक्का आहे.

मी बोललो नाही. बायको रडत होती म्हणून बोललो नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

चौथ्या दिवशी मी डोंबिवलीला हजर झालो. महिन्याभरात कल्याणच्या लोकांनी तारीख धरली, माघात सरोजचं लग्न झालं. दगडू आणि भागीरथी मांडव घालण्यापासून होती. पंगतीत वाढताना तो ओळखीच्यांना सांगत होता की सहदेवला मीच पाठवला डोंबिवलीला, माझं काय, माझं मशीन आहे आत.

शुक्रवारी सुट्टी असली की मी मंडपात जाऊन बसायचो. न जाणं बरं दिसलं नसतं. मंडप आता निम्मा रिकामा असे. काहींनी भाज्या विकायला घेतल्या होत्या, काही गावी गेले होते. जे राहिले ते माझ्या शब्दावर राहिले होते, कारण आत जाऊन आलेला मी एकटाच. रिकाम्या शेडची ते राखण करत होते आणि मी त्यांच्यात बसून चहा पीत होतो. दगडू मला डोंबिवलीच्या मशीनबद्दल विचारायचा, लोखंड धरणारा चक कसा आहे, आवाज येतो का. एकदा म्हणाला, हात बसला का रे? मी हो म्हणालो. तिथलं मशीन सात नंबरच्याच जातीचं होतं. दगडूला दुसऱ्या दिवशीपासून चालवता आलं असतं. मला दोन महिने लागले.

सत्याऐंशीच्या चैत्रात कोर्टाचा माणूस आला आणि त्याने सगळ्यांदेखत कुलूप काढलं. मी कामावर होतो, मला काही कळलं नव्हतं. चारला पाळी सुटली, मी फाटकाबाहेर आलो, तर समोर पानाच्या टपरीशी दगडू उभा. अंगावर पंपवाल्याचा निळा शर्ट. त्याला बघितलं आणि मला समजलं.

तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. आम्ही कंपनीच्या भिंतीच्या सावलीत उभे राहिलो. त्याने हळूहळू सांगितलं. कुलूप निघालं, सगळे आत धावले, आणि दारातच थांबले. दगडू एकटा पुढे गेला. सात नंबरच्या जागी बोल्टांना वाळलेला हार होता. भागीरथीने ओवलेला, तिने मध्ये घातलेली आंब्याची पानं त्याने ओळखली. म्हणजे सहदेव इथे उभा होता. सहदेवने हे सगळं पाहिलं होतं.

"एकच विचारायला आलोय," तो म्हणाला. "भागीरथी म्हणते, तुम्ही त्याला नोकरीची चिठ्ठी दाखवली होती, म्हणून तो तसं बोलला. मी तिला म्हणालो, सहदेव तसला नाही. तू सांग. या नोकरीसाठी बोललास का?"

"नाही," मी म्हणालो. "त्या दिवशी तो विचारसुद्धा मनात नव्हता. सण होता, मला सांगवलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग मान हलवली. त्याचा विश्वास बसला. मी खोटं बोललोय हे कळून सहा तास झाले नव्हते, आणि तरी त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. मला तिथे उभं राहणं कठीण झालं.

"मग दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी आलो," तो म्हणाला. "खाटेवर बसलो. तेव्हा का नाही बोललास?"

रस्त्याने सुटलेली माणसं जात होती. त्यातल्या दोघांनी मला हात केला. मला बायकोचं रडणं आठवलं, सरोजचं लग्न आठवलं, ही सगळी कारणं तोंडाशी आली आणि त्यातलं एकही मी बोललो नाही. त्याच्यापुढे तेवढी लाज उरली होती.

"मला नोकरी हवी होती," मी म्हणालो.

दगडूने जाणाऱ्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मागितली असतीस तरी दिली असती रे."

असं म्हणून त्याने टोपी सारखी केली आणि स्टेशनला जवळचा रस्ता कुठला ते विचारलं. मी त्याला रस्ता सांगितला. बरोबर येऊ का, असं विचारायचं मला धाडस झालं नाही.